येतो म्हणाले

आमच्या ह्यांना पोर्तुगालचं वेड कुठून लागलं ते मला विचारू नका. अर्धं आयुष्य आखातात काढलेल्या माणसाला हिरवं काही बघायचं असेल तर केरळ आहे, आपलं कोकण आहे, फार तर स्वित्झर्लंड आहे. सगळे जातात तिथे, फोटो काढतात आणि परत येतात. ह्यांनी शोधून काढलं एव्होरा. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "तटबंदीतलं जुनं शहर आहे. पण आपण शहर बघायला नाही जायचं. वेशीबाहेर पडलं की चालायच्या वाटाच वाटा आहेत. सकाळी निघायचं, दिवसभर चालायचं, संध्याकाळी परत गावात जेवायला." म्हणजे एवढे पैसे ओतून विमानाने जायचं आणि तिथे पोचल्यावर पायी हिंडायचं. मी म्हटलं, "पायी हिंडायला आपलं मुसाफा काय वाईट आहे?"

मुसाफा म्हणजे आमच्या शेजारचा गॅरेजांचा आणि गोदामांचा भाग. आम्ही राहतो अबू धाबीबाहेरच्या मोहम्मद बिन झायद सिटीत, एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर. हे एका बांधकाम कंपनीत ड्रॉइंग्ज तपासायचं काम करतात. त्यामुळे नकाशा म्हटला की ह्यांचा हात धरणारं कोणी नाही. संध्याकाळी ऑफिसातून आले, चहा झाला, की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि मला हाक मारायची. मी पोळ्या लाटता लाटता एव्होराच्या आसपासचा सगळा मुलूख पाठ केला.

पहिला दिवस कमानींचा. शहराला पाणी आणायला जुन्या काळी दगडी कमानींवरून पाट नेला होता, त्याच्या कडेकडेने पायवाट जाते. दुसरा दिवस उभ्या दगडांचा. माळावर माणसाएवढे दगड गोल करून उभे केलेले आहेत. "कोणी केले, कशासाठी केले, कुणालाच माहीत नाही," हे म्हणायचे आणि माझ्याकडे बघत थांबायचे, मी "अगंबाई" म्हणावं म्हणून. तिसरा दिवस बुचाच्या झाडांचा.

बुचाची झाडं म्हटल्यावर मात्र मी खूश झाले. पुण्यात माझ्या शाळेच्या रस्त्याला बुचाची झाडं होती. पहाटे लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडायचा, आम्ही मुली त्याच्या वेण्या करायचो. हे म्हणाले, "ते नाही गं. ते नुसतं नावाचं बूच. हे खरं, बाटलीच्या बुचाचं झाड. त्याची साल सोलून काढतात. आतलं खोड लालभडक दिसतं. साल पुन्हा धरायला वर्षानुवर्षं लागतात, तोवर झाड तसंच उघडं उभं असतं." लॅपटॉपवर फोटो दाखवला. खालचं अर्धं अंग सोललेलं झाड होतं ते. मला काही बरं वाटलं नाही बघून. सोललेली झाडं बघायला मी कशाला जाऊ एवढ्या लांब?

पण ह्यांचा उत्साह असा की बोलायची सोय नव्हती. पोर्तुगीजांशी आपलं नातं आहे म्हणे. पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, चावी त्यांची, आपला पगारसुद्धा त्यांचाच शब्द. "इस्त्रीपण," म्हणाले. मी म्हटलं, "मग तुमचे शर्ट त्यांच्याकडेच पाठवते." असं आमचं चालायचं. मजा यायची मला, खरंच यायची.

मग एका संध्याकाळी ह्यांनी मला कमानींची वाट सांगितली. नवीन काही नव्हतं, आदल्या दिवशी सांगितली होती तीच, त्याच शब्दांत.  दुसऱ्या दिवशी परत कमानी. मग उभे दगड. "कोणी केले, कशासाठी केले, कुणालाच माहीत नाही," आणि थांबले माझ्याकडे बघत.

"अहो, काल सांगितलंत की हे. परवाही सांगितलंत."

"काल? काल आपण ह्या विषयावर बोललोच नाही."

आधी मला वाटलं थट्टा करतायत. थट्टेत हे भुवई वर करतात. भुवई जागेवर होती. चेहऱ्यावर नुसता राग होता, खोटं पाडल्यावर येतो तसा. मी पोळी तव्यावर टाकली आणि विषय बदलला. पोळी करपली.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले, आणि लक्ष ठेवलं की दिसायला लागतं. घराकडे वळायचा फाटा, जो हे झोपेत घेतील, तो सरळ मागे टाकून जायचे आणि म्हणायचे, "इकडून जवळ पडतं." शारजाच्या औद्योगिक भागात गाडीचा एक पार्ट आणायला गेले होते, लेक बरोबर होती. संध्याकाळी उशिरा परत आले. "ट्रॅफिक," म्हणाले आणि आंघोळीला गेले. लेक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, देअर वॉज नो ट्रॅफिक. ही वॉज गोइंग राउंड अँड राउंड. द सेम गराज, अगेन अँड अगेन. आय वॉज स्केअर्ड."

लेकीबद्दल सांगायला हवं. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, आता दुबईत नोकरी करते आणि वीकेंडला घरी येते. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून. लहान असताना दारातून निघताना "आय ॲम गोइंग" म्हणायची, तर मी तिला परत बोलावून दारात उभी करायची. "जाते म्हणू नये, येते म्हणावं." ती म्हणायची, "बट आय ॲम नॉट कमिंग, आय ॲम गोइंग." बाबा ऑफिसला निघाले आणि तिने "व्हेअर?" विचारलं की त्यावरही मी दटावायची, जाणाऱ्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये. ती बिचारी गोंधळायची. जाणारा माणूस येतो म्हणतो, आणि कुठे ते विचारायचं नाही, हे कसलं घर?

तेव्हा आम्ही अबू धाबी शहरातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो. ह्यांच्याकडे गाडी नव्हती, कंपनीची बस न्यायला यायची. बिल्डिंगच्या डाव्या हाताला एक बोरीचं झाड होतं, त्याच्या सावलीत बसची वाट बघत उभे राहायचे. मी गॅलरीतून बघायची. बोरांचे दिवस असले की संध्याकाळी पँटच्या खिशातून मूठभर बोरं निघायची, लेकीसाठी. धुवायला टाकलेल्या पँटमध्ये कितीदा तरी बिया सापडल्या आहेत मला.

असो. तर मी ह्यांना म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. ह्यांचं एकच, "मला काय धाड भरलीये?" मग मी चिडले. म्हटलं, "ऐका माझं. तुम्ही मला परक्या देशात, भाषा येत नाही अशा ठिकाणी, माळावर चालवत नेणार. तिथे रस्ता चुकलात तर मी कुणाला हाक मारू? आधी इथे एक दिवस चालून दाखवा. पुढे तुम्ही, मागे आम्ही दोघी. वाट तुम्ही काढायची, परत तुम्ही आणायचं, मी तोंड उघडणार नाही. जमलं तर पोर्तुगालची तिकिटं काढा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं तर मुकाट्याने डॉक्टरकडे यायचं."

मला वाटलं होतं उखडतील. उखडले नाहीत. लॅपटॉपवरचा नकाशा इकडे सरकवला आणि म्हणाले, "डन. खोर फक्कान." मी विचारलं, खोर फक्कानच का? तर म्हणाले, "तिथेही पोर्तुगीज येऊन गेले होते. किल्ला होता त्यांचा. आता दगडही राहिला नाही म्हणे." मला तेव्हाच वाटलं, ह्यांनाही माहीत आहे. मी काय बघायला निघाले आहे ते ह्यांना पक्कं माहीत आहे.

खोर फक्कान म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. डोंगर थेट समुद्राला टेकलेले, काळपट तपकिरी, भाजून काढल्यासारखे. त्यावर गवताची काडी नाही. फेब्रुवारी संपत आला होता, थंडी उतरणीला लागली होती. आम्ही अंधारात निघालो ते उजाडता उजाडता पोचलो. गाडी लेकीने चालवली. ह्यांनी रस्ता सांगितला, आणि एकही वळण चुकलं नाही. मी मागच्या सीटवर बसून देवाचं नाव घेत होते आणि कुठेतरी मनातून, का नाकारू, जिंकायची वाट बघत होते. म्हणजे हे जिंकायची.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली. तिथे एक बकाला होता, म्हणजे आपलं किराणा दुकान. मालक रत्नागिरीकडचे निघाले. आमचं बोलणं ऐकून पाण्याच्या बाटल्या काढता काढता म्हणाले, "मराठी वाटतं? या या. वर जाताय भाभी? जावा, पण ऊन चढायच्या आत खाली या. हा डोंगर एकदा तापला का रहम नाही करत. मागच्या टायमाला एक गोरा वर गेलेला, हेलिकॉप्टर आणावा लागला." हे हसून म्हणाले, "दुपारच्या आत खाली येतो, इन्शाल्ला." दुकानदार हसले नाहीत. "इन्शाल्ला," म्हणाले आणि सुटे पैसे माझ्या हातात दिले, ह्यांच्या नाही.

चढ सोपा होता. हे पुढे, काठी टेकत. वळणावर थांबायचे, आम्हाला येऊ द्यायचे, दगडावर रंगाने काढलेली खूण दाखवायचे. एके ठिकाणी खिंड लागली. तिथे वाट फुटत होती. एक वर बुरुजाकडे जात होती. दुसरी पलीकडच्या वादीत उतरत होती. वादी म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र. इथे सगळे वादीच म्हणतात आणि ह्यांचा जुना विनोद आहे, "ती वादी, मी प्रतिवादी." त्या दिवशीही केला. मी त्या दिवशी मनापासून हसले. विनोद जुना होता आणि हे तेच होते.

खिंडीतून खाली वादीत एक झाड दिसत होतं, सगळ्या काळ्या दगडांत तेवढंच हिरवं. "बोर आहे गं," हे म्हणाले. "सिद्र म्हणतात इथे. बोरं लागली असतील आता." झाडाकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "चला, ऊन होतंय." लगेच निघाले.

वर जुना टेहळणीचा बुरूज होता. तिथून बंदर दिसत होतं, क्रेन, कंटेनरांच्या थप्प्या आणि पलीकडे सपाट समुद्र. ह्यांनी लेकीला पोर्तुगीज जहाजं कुठून आली असतील ते हात करून दाखवलं. डबा उघडला, मेथीचे ठेपले खाल्ले. लेकीने ह्यांचा फोटो काढला तो ह्यांच्याच फोनमध्ये, आणि फोन आपल्या बॅगेत टाकला. फोटोत हे अगदी आनंदात दिसतात. अजून आहे तो फोटो. मी बघत नाही.

उतरताना खिंडीत पुन्हा टेकलो. माझ्या बुटात खडा गेला होता आणि खरं सांगायचं तर मला आडोशालाही जायचं होतं. मी मोठ्या दगडामागे गेले. फार वेळ नाही लागला. परत आले तर लेक एकटी, कानात गाण्याचे बोळे घालून बसलेली.

"बाबा?"

तिने एका कानातला बोळा काढला. "ही सेड ही इज कमिंग."

येतायत तर येतायत. मला वाटलं, हेही आडोशाला गेले असतील. मी बूट घातला, पाणी प्यायले. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, हाका मारायच्या नाहीत. हाक मारली की ह्यांचा अपमान. मी दगडावर बसून राहिले. सावली माझ्या पायावरून सरकली. दगड तापायला लागला. समोरचा डोंगर उन्हात पांढरा पडायला लागला, आणि कुठे पक्ष्याचाही आवाज नव्हता. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली.

शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेला तो करार. मी हाक मारली. "अहो!" आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. पुन्हा मारली. लेकीने ह्यांच्या नंबरला फोन लावला आणि तो तिच्याच बॅगेत वाजला. ह्यांच्याकडे फोन नव्हता. पाण्याच्या बाटल्या सगळ्या आमच्यापाशी होत्या. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "मे बी ही वेंट डाउन टू द कार? लेट्स गो डाउन, आई."

मी तिचा दंड धरला. "थांब. ते काय म्हणाले नक्की? मराठीत सांग. शब्द सांग."

"ही सेड... येतो."

"आलोच म्हणाले, का येतो म्हणाले?"

"व्हॉट्स द डिफरन्स?"

काय डिफरन्स सांगू? आलोच म्हणणारा माणूस आता परत येतो. येतो म्हणणारा माणूस निघालेला असतो. आम्हीच शिकवलं होतं तिला आणि अर्धवट शिकवलं होतं. पण तेवढ्यानेही मला उलगडा झाला नसता. मी विचारलं, "उठले कसे? काय केलं आधी?"

तिने डोळे मिटले आणि आठवून सांगितलं. बाबांनी बॅग खांद्याला लावली. खिसा चाचपला, वरचा, मग पँटचा. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अँड ही सेड, येतो गं पिल्लू." मग ती जरा थांबली. "ही हॅजन्ट कॉल्ड मी पिल्लू सिन्स... आय डोन्ट नो. सिन्स के.जी. आय थॉट इट वॉज स्वीट."

 खिसा चाचपायचा तो ऑफिसच्या पाससाठी. डोक्यावर हात आणि पिल्लू, हे दारातलं. त्या जुन्या बिल्डिंगच्या दारातलं. रोज सकाळी अगदी असंच, त्याच क्रमाने. हा माणूस डोंगरात वाट चुकलेला नव्हता. हा माणूस घरातून ऑफिसला निघाला होता. आणि घरातून निघून कुठे जायचा ते मी गॅलरीतून रोज बघितलेलं होतं.

"खाली गाडीकडे नाही," मी म्हटलं. "डावीकडे. बोरीकडे."

त्या उतरणीला खुणा नव्हत्या. सुटे दगड पायाखालून निसटत होते. लेक पुढे झाली, मी बसत, घसरत, तोंडाने जे येईल ते पुटपुटत उतरले. देवाला नवस बोलत होते आणि त्याच दमात ह्यांना शिव्या घालत होते. वाटेत ह्यांची काठी पडलेली दिसली. आडवी, दोन दगडांत अडकलेली. लेकीने ती उचलली आणि माझ्याकडे बघितलं.  मला त्या क्षणी सरळ सरळ वाटलं की आता खाली जे दिसेल ते मला पुढे जन्मभर दिसत राहील.

हे बोरीखाली उभे होते. बसलेसुद्धा नव्हते. बॅग खांद्याला, एक कोपर खरचटून त्यातून रक्त आलेलं, ओठ सुकलेले, आणि मान वळवून वादीच्या वळणाकडे बघत होते. मला पाहिल्यावर चेहऱ्यावर नवल उमटलं. त्रासिक नवल, कामाच्या वेळी बायको खाली उतरून आली की होतं तसं.

"तू कशाला आलीस? घर उघडं टाकलंस का?" मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "आज बस फार लेट आहे."

मी बाटली उघडून हातात दिली. प्यायले. सगळी प्यायले. मग खिशात हात घातला आणि मूठ माझ्यापुढे उघडली. बोरं होती, लहान, पिवळी, दोन-तीन चेंगरलेली.

"हे ठेव. पिल्लू शाळेतून आली की दे."

पिल्लू माझ्या शेजारी उभी होती. बापाची काठी हातात धरून. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, कुणी परकी मुलगी आपल्यात ऐकत उभी असावी तसं, आणि सभ्यपणे जरा बाजूला सरकले. मी बोरं घेतली. लेकीने माझ्या हातातून एक उचललं आणि तोंडात टाकलं. मग म्हणाली, आणि हे तिने मराठीत म्हटलं, "गोड आहेत बाबा."

हे तिच्याकडे बघत राहिले. पापण्या मिटल्या, उघडल्या. झोपेतून उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत हे समजायला क्षण लागतो ना, तसा तो क्षण होता, फक्त फार लांब. मग भोवतालचे डोंगर बघितले, आपलं कोपर बघितलं. "चुकलो का गं मी?" म्हणाले. मी रुमाल काढला आणि त्यांच्या कोपरावरचं रक्त पुसलं.  

आम्ही खाली आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बकालावाले मालक दुकानाबाहेर येऊन डोंगराकडे बघत उभे होते. ह्यांना बघून "अल्हमदुलिल्ला" म्हणाले आणि आत जाऊन लबानच्या, म्हणजे ताकाच्या, थंड बाटल्या घेऊन आले. पैसे घेईनात. ह्यांनी त्यांच्याशी रत्नागिरीच्या आंब्यांबद्दल छान गप्पा मारल्या. कुणाला वाटलंही नसतं.

गाडीत हे स्वतःच म्हणाले, "ठरल्याप्रमाणे करू. डॉक्टरची अपॉइंटमेंट घे."  मला जिंकायचं नव्हतं. मी एवढा साधा करार केला होता, आणि तो हरणं किती सोपं गेलं असतं मला.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. फोटोत मेंदूचे भाग दाखवले. विसरभोळेपणा नाही हा, हळूहळू वाढणारा आजार आहे, असं म्हणाले. शहाण्यासारखे हे सगळं ऐकत होते, मधेच एक-दोन नेमके प्रश्नही विचारले. कंपनीला कळवावं लागलं. सध्या रजा आहे. रजा संपली की नोकरी खलास, नोकरीबरोबर व्हिसा, व्हिसाबरोबर हे घर. मग पुणे. पुण्यातले रस्ते ह्यांना अजून आठवतात का, ते मी विचारलेलं नाही.

एव्होरा मात्र रद्द झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, जाऊन या, लवकर जाऊन या, फक्त ह्यांना एकटं सोडू नका. एप्रिलची तिकिटं लेकीने काढली, तीही येणार आहे. हे अजून रोज संध्याकाळी नकाशा उघडतात. आणि काय सांगू, तिथली एकेक वाट ह्यांना तोंडपाठ आहे. कमानी संपल्या की कुठे वळायचं, उभ्या दगडांपाशी झाडाखाली बसायला जागा कुठे आहे, सगळं घडाघडा सांगतात. कधी पाहिलेलं नाही ते गाव डोक्यात लख्ख आहे. स्वयंपाकघरातला चहाचा डबा कुठे असतो, ते परवा विचारलं. उभ्या दगडांशी आले की अजून माझ्याकडे बघत थांबतात. मी रोज "अगंबाई" म्हणते.

लेक आता दर वीकेंडला येते. निघताना दारात थांबून, बापाकडे बघून स्वच्छ म्हणते, "बाबा, मी दुबईला जाते. शुक्रवारी परत येते." जाते म्हणते. मी अडवत नाही.

काल सकाळी मी भांडी लावत होते. हे बेडरूममधून बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग. वरचा खिसा चाचपला, मग पँटचा. दाराशी जाऊन मागे वळले आणि म्हणाले, "येतो गं."

एवढ्या वर्षांत मी जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी विचारलेला नाही. काल विचारला. हातातली वाटी तशीच धरून सरळ विचारलं, "कुठे?"

हे थांबले. दाराच्या कडीवर हात होता. खाली बघितलं, कडीकडे, मग बुटांकडे. शोधत होते, मला दिसत होतं. मग मान वर केली आणि हसले, अगदी समजुतीने, एखाद्या पोरीला सांगावं तसे.

"जाणाऱ्याला असं विचारू नये गं," म्हणाले.

मी वाटी खाली ठेवली, हात पुसले, चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले.